शेंडे बाई आणि पिकल्या मिशांचा बडग्या

शाळेत असताना आम्ही मुलींनी एक नवरदेव जाळला होता.

तो बनवायला ज्यांनी शिकवलं, त्या आमच्या ड्रॉइंगच्या शेंडे बाई आज सकाळी गेल्या.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. गिरणी कामगारांच्या वस्तीतली मुलींची शाळा. आठवी ड, म्हणजे नापासांचा वर्ग.

बाई फळ्यावर आंबा काढायच्या. आम्ही मागे चिंचा खात बसायचो. कोणाकडे रंगपेटी नाही, कोणाला हौस नाही.

एक दिवस बाईंनी खडू खाली ठेवला.

"आंबा नाई काढाचा? मंग काय बनवाचं आहे तुमाले?"

"बडग्या!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा नेणाऱ्या मारबतीच्या मूर्तीसोबत निघणारे, शेवटी जाळायचे ते मोठे पुतळे पोरंच बनवायची. आम्ही फक्त बघायचो.

"बनवू," बाई म्हणाल्या. "पन कोनाचा? काय घालवाचं आहे गावातून?"

कोणी म्हणालं महागाई. कोणी म्हणालं दारू.

विमल वर्गात कधीच बोलायची नाही. ती म्हणाली, "नवरदेवाचा."

सगळ्या हसल्या.

"माह्यं लगन ठरलं. त्याची पहिली बायको मेली. मिशा पिकल्या त्याच्या."

मग कोणी हसलं नाही.

बांबूच्या कमच्या, रद्दी, आणि बाईंनी घरून शिजवून आणलेली मैद्याची खळ. ज्या पीरियडला चिंचा खात बसायचो, त्यासाठी आता शाळा भरायच्या आधीच येऊन बसायचो.

तोंड विमलने रंगवलं. आणि तिनेच फाडलं.

"डोळे चांगले झाले बाई. असे नाईत त्याचे."

पुन्हा बनवलं.

त्याच आठवड्यात बाई तिच्या घरी गेल्या. विमलच्या वडिलांची गिरणी बंद होती.

"पोरगी लहान आहे जी. शिकू द्या."

"हिच्या मागं अजून पोरी आहेत, बाई. तुमी पोसता काय?"

"हिले तर नेते मी माह्या घरी!"

वडिलांनी दार लावून घेतलं.

मारबतीच्या दिवशी वस्तीतल्या माणसांनी आमचा नवरदेव खांद्यावर नेला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या. "घेऊन जा गे मारबत!" विमल इतकी ओरडली की तिचा आवाज बसला.

संध्याकाळी बडग्या जळला.

तुळशीचं लग्न झालं. मग विमलचंही झालं.

त्यानंतरच्या पीरियडला बाईंनी खडू उचललाच नाही. म्हणाल्या, "मले वाटलं होतं, लोक पाहतील तर लाजतील."

पुढच्या वर्षी मला स्थळ आलं. आमचा बडग्या नेणाऱ्यांत माझे बाबाही होते. ते पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी मॅट्रिक होऊ द्या. मंग पाहू."

मी धावत बाईंना सांगायला गेले. त्यांनी मला घट्ट जवळ घेतलं. आणि विचारलं, "विमलची काई खबर?"

नव्हती. बाई स्वतः तिच्या सासरी, बालाघाटकडे जाऊन आल्या होत्या. दारातूनच परत पाठवलं. पुढे ते लोक गाव सोडून कुठे गेले, कोणालाच कळलं नाही.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये भेटले, तेव्हाही तोच प्रश्न.

बाई, मी मॅट्रिक झाले. नोकरी केली. माझ्या मुलीने तिच्या मर्जीने लग्न केलं.

विमलसाठी तुम्ही स्वतःला कधी माफ केलं नाही. आता तरी करा.

आठवी ड चा शेवटचा नमस्कार.