हरताळाच्या दिवशीचं काँक्रीट

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आणि खरं सांगायचं तर हे सांगायला मला अजूनही आवडतं.

बाबा परळच्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. मी माटुंग्याला शिकून सिव्हिल इंजिनिअर झालो आणि दादरच्या एका कंत्राटदाराकडे लागलो. चाळीत कोणी विचारलं, "पोरगा काय करतो?" की बाबा छाती काढून सांगायचे, "पूल बांधता." पूल कसला! मला मिळालेलं पहिलं काम होतं माटुंग्याच्या एका बंगल्याच्या आवारातला मोटारीचा रस्ता. फाटकापासून पोर्चपर्यंत काँक्रीट, दोन्ही बाजूंना घडीव काळ्या दगडाची किनार, आणि पाणी वाहून जायला कडेने गटार. काम छोटं होतं, पण मी ते जीव ओतून केलं. इतका ढाळ का द्यायचा, खाली डबर का भरायचं, सांधे कुठे सोडायचे, हे सगळं मी रात्री जेवताना घरी सांगायचो.

आई ऐकून घ्यायची. एकदा तिने भाकरी थापता थापता विचारलं, "ह्या सगळा मोटारीच्या चाकांका चिखल लागा नये म्हणान?"

"हो."

"आणि आमच्या पायांका?"

मी उंबऱ्याकडे बघितलं.

आमची खोली तळमजल्यावर. लालबागच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एक लांब बोळ, हातगाडी जेमतेम जाईल एवढा. डाव्या हाताला आमच्या खोल्यांची रांग, उजव्या हाताला आवाराची भिंत. बोळ मातीचा. बाहेरचा रस्ता म्युनिसिपालिटीने थरावर थर घालून उंच केलेला, त्यामुळे आमची चाळ खड्ड्यात बसल्यासारखी. पावसाळाभर रस्त्यावरचं पाणी बोळात आणि बोळातलं पाणी तळमजल्याच्या खोल्यांत. आईने उंबऱ्यावर विटांचा बांध घातला होता. दरवर्षी ती तो मातीने लिंपायची आणि दरवर्षी पाणी त्याच्यावरून आत यायचं. मग चूल खाटेवर, तांदळाचा डबा फळीवर, आणि ती स्वतः कमरेला पदर खोचून वाडग्याने पाणी उपसत बसलेली. माझा सगळा अभ्यास त्या पाण्यात पाय सोडून झालेला. आणि पास होऊन मी काय केलं, तर दुसऱ्याची मोटार कोरडी ठेवली!

मी ठरवलं की हा बोळ करायचा. तसाच करायचा, जसा बंगल्याचा केला. किंबहुना त्याहून चांगला.

घरमालकाचा मेहता, म्हणजे भाडं वसूल करणारा कारकून, म्हणाला, खुशाल करा, पण खर्च तुमचा, आणि पाणी तुंबलं तर उखडून पहिल्यासारखं करून द्यायचं. बाबांनी चाळीसमोर शब्द दिला, "तुंबूचा नाय. माझो झील करता हा." झालं. आता पाणी तुंबलं असतं तर माझी डिग्री आणि बाबांचा शब्द एकाच गटारात जाणार होते.

वर्गणी निघाली. ज्याला पैसे जमले नाहीत त्याने अंगमेहनत कबूल केली. पलीकडच्या गल्लीत एक जुना तबेला पाडत होते, तिथले घडीव दगड आम्ही किनारीसाठी मागून आणले. घोडे गेले आणि दगड आमच्या कामी आले. काही रविवार सगळ्यांनी मिळून बोळ खणला, डबर भरून ठोकून काढलं, भिंतीच्या कडेने गटार बांधून ते मागच्या घरगल्लीतल्या मोठ्या गटाराला जोडलं. बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावरून येणारं पाणी आत शिरण्याआधीच पकडायला, एक आडवं गटार आणि त्यावर लोखंडी जाळी. दोन्ही बाजूंना तबेल्याचे दगड दोरीत बसवले. गटाराच्या बाजूच्या दगडांत पाणी जायला फटी ठेवल्या. सिमेंटच्या गोणी ओल लागू नये म्हणून बाबांच्या खाटेखाली होत्या. वाळू आणि खडी मात्र बाहेर, बोळाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला.

इथेच घोटाळा झाला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात दर दोन दिवसांनी सभा, मोर्चा, धरपकड. त्या दिवसांत लालबागच्या रस्त्यावर खडीचा ढीग म्हणजे पोलिसांच्या नजरेत दारूगोळ्याचं कोठार. ढीग आला त्याच संध्याकाळी जीपमधून एक फौजदार उतरले. मराठीच होते.

"हे काय आहे?"

"खडी, साहेब."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"रस्त्यासाठी."

"रस्त्यासाठी, की रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या माणसांसाठी?"

मी खणलेला बोळ दाखवला, गटार दाखवलं, इंजिनिअर असल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या हरताळ आहे. दुपारी मोर्चा इथून जाणार. त्याच्या आधी हा ढीग मला इथे दिसता कामा नये."

"साहेब, उद्या तर हातगाडीवालासुद्धा हरताळावर. हलवू कशाने?"

"तो तुमचा प्रश्न. नाहीतर आमची गाडी येऊन उचलून नेईल. मग परत मागायला येऊ नका."

जीप गेली. गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. सगळ्यांच्या वर्गणीची खडी होती ती, पुन्हा कुठून आणणार? मी म्हटलं, "एकच मार्ग आहे. उद्या दुपारच्या आत सगळं काँक्रीट ओतून टाकायचं. खडी हलवायची नाही, जिरवायची."

खरं म्हणजे मी ते तीन-चार रविवारांत, टप्प्याटप्प्याने करणार होतो. त्यासाठी सांगून ठेवलेला दादरचा गवंडीही हरताळामुळे येणार नव्हता. पण गिरण्या बंद, म्हणजे चाळीतले सगळे हात घरी. असा दिवस पुन्हा मिळाला नसता.

वरच्या मजल्यावर एक युनियनवाले काका राहायचे. सभा असो नसो, बोलायचे सभेसारखं. ते कठड्यावर हात आपटून म्हणाले, "उद्या हरताळ! उद्या जो घमेल्याला हात लावील तो फुटीर!"

हरताळ मोडायचा आळ कोणाला नको होता, मलाही नको होता.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "मगे उद्या चुली पण बंद. हरताळ म्हणजे हरताळ. जेवूक खय जातलास?"

लोक हसले. काका म्हणाले, "अहो वहिनी, चूल आपली आहे. बंद ठेवायचं ते मालकाचं काम."

"मगे रस्तो कोणाचो? मालकाचो की आपलो?"

काका हसूच लागले. "बाई, तुम्हाला युनियनमध्ये घ्यायला पाहिजे," म्हणाले, आणि तिथूनच हुकूम सोडला, "ऐका रे! उद्या मालकाचं काम बंद, आपलं चालू. नळ आला की सगळे खाली!"

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा बायकांनी आधी घरचे हंडे न भरता आमची पिंपं भरली. याचं मोल चाळीत राहिलेल्यालाच कळेल. लोखंडी पत्र्यावर कालवायला सुरुवात झाली. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी, आणि पाणी मी सांगेन तेवढंच. पत्र्यापासून बोळाच्या टोकापर्यंत माणसांची रांग लागली, घमेली हातोहात जाऊ लागली. काका रांगेच्या मधोमध उभे. घमेलं हातात आलं की ओरडायचे, "रस्ता!" आणि सगळी रांग घमेलं पुढे ढकलत गरजायची, "झालाच पाहिजे!" त्या ठेक्यावर कामाला असा वेग आला की माझ्या कंत्राटदाराचे मजूर आयुष्यात कधी गाठणार नाहीत.

मी आतल्या टोकापासून सुरुवात केली होती. कडेला लाकडी पट्ट्या, पाणसळ लावून खुणा केलेल्या, खोल्यांकडून भिंतीकडे ढाळ. आमच्या दारासमोरचा तुकडा ओतून मी बाबांना म्हटलं, "ह्या पट्टीने सारखं करा," आणि गटाराचे दगड बघायला पुढे गेलो.

परत येऊन बघतो तर बाबा आणि त्यांचे दोन गाववाले उकिडवे बसून एका फळीने तो तुकडा चोपतायत. गावी खळं करतात तसं. भिंतीकडची उतरती बाजू त्यांनी वर आणखी माल टाकून भरून काढली होती. सगळं कसं गुळगुळीत, सपाट, डोळ्याला देखणं.

"बाबा, हे काय केलंत?"

"वाकडा दिसत होता. नीट केलंय," बाबा खुशीत म्हणाले. "खळा कसा व्हया? ताटासारखा!"

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? कोकणातल्या माणसाच्या हाताला जमीन दिली की तो ती सपाटच करणार. खळं उतरतं असलं तर भात घरंगळतं आणि गाव नावं ठेवतं. माझ्या बापाचं खळं गावात नावाजलेलं. पण हे खळं नव्हतं.

"बाबा, इथे भात झोडायचं नाही, पाणी हाकलायचंय. हे काढावं लागेल."

रांग थांबली. घमेली हातातच राहिली. भर चाळीत मुलगा बापाला केलेलं काम काढायला सांगतोय. गाववाल्यांपैकी एकाने टोमणा मारला, "कॉलेजात वाकडा बांधूक शिकवतत वाटता?"

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "दाखव."

आई तेवढ्यात मला प्यायला तांब्याभर पाणी घेऊन आली होती. मी तांब्या घेतला आणि सगळ्यांदेखत त्या ओल्या तुकड्यावर हलकेच ओतला. पाणी क्षणभर थांबलं. मग भिंतीकडे जायचं सोडून हळूहळू मागे सरकलं, आणि थेट आमच्या उंबऱ्याला, विटांच्या बांधाला जाऊन टेकलं.

आईने त्या पाण्याकडे बघितलं. मग बाबांकडे.

"ह्या परत माझ्याच घरात येता मां?" एवढंच म्हणाली.

बाबा उठले. फळी भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं आता हात धुऊन आत जाणार. पण त्यांनी फावडं घेतलं, जास्तीचा माल स्वतः खरवडून घमेल्यात भरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंजिनेर सांगता तसा करा रे!"

डिग्री घेताना टाळ्या वाजल्या होत्या. पण मी इंजिनिअर झालो तो त्या क्षणी, बापाच्या तोंडून.

पुन्हा "रस्ता!" सुरू झालं. यावेळी "झालाच पाहिजे!" आधीपेक्षा दुप्पट जोरात. बाबा पाणसळ हातात घेऊन प्रत्येक तुकड्यावर स्वतः बघायला लागले. त्यातला बुडबुडा मधोमध आला की ओरडायचे, "खाली घ्या, अजून खाली घ्या!" मलाच त्यांना आवरावं लागलं, नाहीतर घसरगुंडी झाली असती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटचं घमेलं जाळीपाशी ओतलं गेलं. वर गवंडीकामाचा रंधा फिरवला, ओली गोणपाटं अंथरली. ढिगाच्या जागी झाडून घेतलेली धूळ तेवढी उरली होती. लांबून मोर्च्याचा आवाज यायला लागला होता, आणि त्याच्या पुढे जीप.

फौजदार उतरले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कुठे गेली खडी?"

मी बोळाकडे हात केला. "आता तुमच्या पायाखाली येणार आहे, साहेब. पण आत्ता पाय ठेवू नका. ओलं आहे."

त्यांनी उचललेला पाय मागे घेतला. मग वाकून, दगडी किनारीवरून नजर टाकत शेवटपर्यंत बघितलं. "एका दिवसात?"

"अर्ध्या, साहेब," काका मागून म्हणाले. "उरलेला अर्धा मोर्च्यासाठी राखून ठेवलाय."

फौजदार हसले की नाही ते सांगता येत नाही, कारण त्यांनी तोंड वळवलं. मोर्चा आला तशी आमची रांगच्या रांग, सिमेंटने पांढरे झालेले हात वर करून, त्यात सामील झाली. बाबाही. लोक विचारत होते, ही कुठल्या गिरणीची माणसं?

पुढे बायकांनी आळीपाळीने त्या काँक्रीटवर पाणी मारलं, बाळाला न्हाऊ घालावं तशा काळजीने. गोणपाटं काढली त्या सकाळी आईने ठरवलं की पावसाची वाट कोण बघणार. प्रत्येकीने आपल्या दारात हंडा, कळशी, बादली, जे भरलेलं होतं ते घेऊन उभं राहायचं. मेहतालाही बोलावून आणलं होतं. तो धोतराचा सोगा हातात धरून, पाणी उडेल म्हणून, जिन्याच्या पायरीवर उभा. मी भिंतीपाशी गटारावर वाकून उभा होतो.

"ओता!" आई म्हणाली.

सगळ्या हंड्यांचं पाणी एकदम सुटलं. अख्खा बोळ क्षणभर चमकला. मग ते पाणी एका अंगाने वळलं, तबेल्याच्या दगडांच्या फटींतून गटारात उतरलं, आणि खळखळत घरगल्लीकडे निघून गेलं. काँक्रीटवर ओल राहिली, पाणी राहिलं नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मेहता पायरीवरून उतरला आणि चप्पल न भिजवता रस्त्यापर्यंत चालत गेला.

आई मात्र टाळ्यांत नव्हती. ती आमच्या उंबऱ्यापाशी वाकून विटांच्या बांधाला हात लावून बघत होती. कोरडा होता. तिने तोच कोरडा हात बाबांसमोर धरला.

"पहार घेवन येवा," ती म्हणाली. "ह्यो काढून टाका. येता-जाता पायाक लागता."