गुन्वोरची दारू सोडवणारं मंडळ

निहारिका दिवसा बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करते आणि संध्याकाळी घरी खून करते. म्हणजे खुनाच्या कादंबरीचं भाषांतर करते. पीएचडीला ती नॉर्वेत, बर्गनला होती. हिवाळ्यात दुपारीच अंधार, नवरा पुण्यात, आणि फोनवर त्याचं एकच पालुपद, "कधी येतेस?" ती गेली नाही. नवरा सुटला, तिथली भाषा मात्र तोंडात बसली. त्या अंधारात तिला सोबत केली गुन्वोरने. गुन्वोर म्हणजे कादंबरीतली पोलीस अधिकारी. घटस्फोट झालाय, लेक तोंड बघत नाही, बाई दारू पिते आणि खुनी पकडते. लेखिकेची परवानगी काढून निहारिकाने त्यातलं एक प्रकरण थेट मराठीत आणलं आणि आमच्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला दिलं. अट एकच, गुन्वोर आहे तशी छापायची.

अंकाची बैठक अध्यक्ष माधवदादांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर भरली. मी तिथे खुर्च्या मांडायला होते. मजुरांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या बाईला संस्कृतीच्या बैठकीत एवढंच काम मिळतं.

माधवदादा रॅफल्स प्लेसला बँकेत मोठे साहेब आहेत. व्हिस्कीचा घोट घेऊन म्हणाले, "प्रकरण झकास आहे गं. फक्त बाई पिते ते काढू या. अंक घरोघरी जातो."

संपादक अश्लेषाने ते आधीच काढलं होतं. गुन्वोर आता आल्याचा चहा पीत होती. घटस्फोटही गेला होता, नवरा 'कामानिमित्त परगावी' होता. किती सोय!

तिच्या जागी मी असते तर टेबल उलथलं असतं. निहारिका शांतपणे म्हणाली, "मोठ्याने वाचू या का?"

वाचलं. संशयित आहे गावातली मुख्याध्यापिका. म्हणते, मी दारूला शिवतसुद्धा नाही. गुन्वोर तिच्या स्वयंपाकघरात शिरते, सगळी कपाटं सोडून थेट धुण्याच्या पावडरचा खोका उघडते आणि आतून बाटली काढते. बाईचं खोटं उघडं पडतं.

"थांब, थांब," खजिनदार प्रबोध म्हणाला. "बाटली खोक्यात आहे हे हिला कसं कळलं?"

"माझी गुन्वोर स्वतःची तिथेच लपवते. तुमची चहा पिते. तिला अंतर्ज्ञान झालं असेल, आल्याने होतं."

मग माधवदादांचा चेहरा उजळला. "अगं, सोपं आहे! गुन्वोरला पुरुष करून टाक. मग पिऊ दे की हवी तेवढी!"

हा विनोद नव्हता. प्रबोधने तर मानही डोलावली.

निहारिकाने लॅपटॉप मिटला. "छापू नका."

"चिडतेस काय? तेवढी पानं रिकामी राहतील!"

"अनारशांची कृती छापा. घरोघरी चालते."

आम्ही दोघी स्टेशनवर पोहोचलो, तर मागून अश्लेषा धापा टाकत आली. हिला आता सोडायची नाही, असं मी ठरवलंच होतं. पण ती बाकावर बसली आणि म्हणाली, "निहारिका, तुझं मूळ वाच ना. चहा नसलेलं."

निहारिकाने तिच्याकडे जरा बघितलं, आणि वाचायला लागली. खोक्यापाशी आल्यावर अश्लेषा खुदकन हसली.

"पावडरीत? शी, वास लागतो. मी वाइन तांदळाच्या पिंपात ठेवते. सासूबाईंचे गुडघे धरलेत, वाकवत नाही त्यांना."

"मग सटवे, तिला चहा कशाला पाजलास?" मी ओरडलेच. पलीकडची दोन माणसं दचकली.

"अंक सासूबाईपण वाचतात! ते वाचून गुडघे विसरून पहिला हात पिंपात घातला असता त्यांनी."

निहारिका इतकी हसली की तिला वाचता येईना. गाडी आली. मी उठले, तर अश्लेषाने माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"जाऊ दे गं ती. लेक बोलते का गुन्वोरशी, तेवढं कळू दे."