शेजारचे आजोबा

कोबेत मी हॉटेलात भांडी घासतो. शेजारचे जपानी आजोबा माझी कचऱ्याची पिशवी उजेडाला धरून बघतात अन् गप्प निघून जातात. म्हणून मलाही त्यांचा संशय.

माझा लाडका गायक वारला. मी भिंतीवर त्याचा फोटो लावला, त्याचं गाणं लावलं अन् एवढा घोडा होऊन भोकाड पसरलं. तेवढ्यात दारात आजोबा! म्हटलं, आता पोलीस बोलावतात.

ते आत येऊन फोटोपुढे गुडघ्यांवर बसले.

"वडील?"

"नाही, गायक," मी मोडक्या जपानीत बोललो.

"भेटला होतास?"

"कधीच नाही."

त्यांनी मला न्याहाळलं, फोटोला वाकून नमस्कार केला. "गाणं परत लाव."

संपेपर्यंत डोळे मिटून ऐकलं अन् गेले.

मी पहिलं काय केलं, तर पाकीट चाचपलं. होतं जागेवर. मग फोटोकडे बघायची हिंमत होईना.