भासऱ्यायनं बसवलेला पंप

मी डूख धरणारी बाई आहे, हे पहिलंच सांगून टाकते. लोक म्हणतात का वय झालं म्हणजे माणूस सोडून देते. मी काही सोडलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावानं, म्हणजे आमच्या भासऱ्यायनं, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझी शिलाई मशीन दुरुस्त करतो म्हणून खोलली, अन् त्यानंतर ती कधी चाललीच नाही. वरून घरभर सांगितलं का सूनबाईले मशीन वापरता येत नाही. नाचता येईना अन् अंगण वाकडं. ते वाक्य मी पस्तीसएक वर्षं जपून ठेवलं होतं.

तेव्हाच तोंडावर काहून नाही बोलली, असं कोणी विचारन. तं आमच्या घरात भासऱ्याशी सुनेनं बोलायची रीत नाही. डोक्यावरचा पदर कधीचा गेला, मी नोकरी केली, रिटायर झाली, पण ती रीत काही गेली नाही. त्यायले काही सांगायचं असलं का मी आमच्या यायले, म्हणजे नवऱ्याले, सांगायची अन् हे त्यायले सांगायचे. त्यायले मले काही सांगायचं असलं तरी तसंच, मग आम्ही एकाच खोलीत बसलेले का असेना. अन् आमचे हे असे का मी मिरची दिली तं यायच्या तोंडातून साखर पडते.

आता माशायचं सांगते. मी मुलींच्या कॉलेजात प्रयोगशाळेत होती. साहित्य मांडा, नळ्या धुवा, मुलींनी फोडलेलं मोजा, यात तीस वर्षं गेली. रिटायर झाली त्या महिन्यात गांधीबागेत लुगडं घ्यायले गेली अन् येताना काचेची टाकी अन् दोन एंजल मासे घेऊन आली. तिकोनी, चांदीसारखे, अंगावर काळे पट्टे. नर अन् मादी. पाच वर्षं झाली. मादी पानावर अंडी घालायची अन् दोघं आळीपाळीनं पंखांनी वारा घालत बसायचे. एवढा सुखाचा संसार मी आमच्या घराण्यात दुसरा पाहिला नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी रोज दोन बोटं उतरते. हॉलमध्ये कूलर चालते, त्याचा वारा सरळ टाकीवर. रोज मी शिळं करून ठेवलेलं पाणी गिलासानं टाकायची. नळाच्या पाण्यात औषध राहते, ते थोडं थोडं गेलं तं मासा सहन करते, एकदम गेलं तं तोंड वर करून पडते. पण नरखेडकडं आमचा संत्र्याचा बगीचा आहे, उन्हाळ्यात तिथं ओलिताले चार चार दिवस जा लागते. तेव्हा माशायचं कसं, हा प्रश्न यायनं आपल्या भावाजवळ काढला. मले न विचारता काढला.

भासरे सावनेरकडं कोळशाच्या खाणीत पंपावर होते. जन्मभर खाणीतलं पाणी उपसून बाहेर काढलं. पाण्याचं काम म्हटलं का त्यायची छाती दोन इंच फुगते. दुसऱ्याच दिवशी थैली घेऊन हजर. टाकीच्या कडेले बोटाएवढा एक तरंगता स्विच लावला: पाणी उतरलं का तो खाली जाते अन् पंप सुरू, पाणी रेषेवर आलं का तो वर येते अन् पंप बंद. पंप कूलरचाच, छोटा. तो बुडवला वीस लिटरच्या कॅनमध्ये, अन् कॅन ठेवली लोखंडी आलमारीच्या डोक्यावर. तिथून नळी खाली टाकीत सोडली. कॅन एवढी वर काहून, असं मले वाटलं. यायच्या मार्फत विचारलं. उत्तर आलं का उंचावरून पाण्याले जोर राहते, अन् खाली जागा अडत नाही.

तीन दिवस चांगलं चाललं. मग आम्ही कॅन नळाच्या पाण्यानं तोंडोतोंड भरून नरखेडले गेलो. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तं हॉलमध्ये घोट्याएवढं नाही म्हणणार, पण सोफ्याचे पाय भिजले होते. टाकी काठोकाठ. मादी एका कुशीवर पडली होती अन् नर तिच्याभोवती फिरून राहिला होता. मी तिले हातात घेतलं तेव्हा ती गेलेली होती. मी रडली. माशासाठी रडते म्हणून कोणाले हसायचं असन तं हसा.

भासरे आले, पाहिलं, पंप चालू-बंद करून पाहिला, कॅनमध्ये लोटाभर पाणी टाकून पाहिलं. सगळं ठीक. मग टॉवेलनं हात पुसत यायले म्हणाले, माझ्यासमोर, मी चहा घेऊन उभी असताना:

"बाईमाणसानं हात लावला असन."

तेच वाक्य, फक्त मशीन दुसरी. मी चहाचा कप त्यायच्या समोर ठेवला, बशीत थोडा सांडला, अन् सैपाकघरात जाऊन दात-ओठ खात पोळ्या लाटल्या. त्या दिवशी मी ठरवलं का या माणसाले चार लोकांत खाली मान घालायले लावीन. मादी तं गेली होती. नर वाचवायचा अन् भासऱ्यायचं उट्टं काढायचं, ही दोन कामं मी एकाच दिवशी हाती घेतली.

आधी रोग शोधायचा होता. मी जुन्या वहीत टिपायले लागली. कधी पाणी बरोबर रेषेवर, कधी दोन बोटं जास्त, कधी पंप कोरडा घरघरून राहिला अन् टाकी खाली. स्विच काढून धुतला. शेवाळ नाही, गोगलगाय अडकली नाही. स्विच वर येते तेव्हा पंप बंद होते, हे मी कान लावून ऐकलं. पंप बंद, तरी पाणी जास्त कसं? वही पाहिली तं एक गोष्ट दिसली: ज्या दिवशी कॅनमध्ये पाणी जास्त टाकलं त्याच दिवशी टाकीतही जास्त. लोटाभर पाण्यावर भासऱ्यायनं तपासलं तेव्हा बरोबर दिसणारच होतं.

उलगडा कूलरनं केला. दर आठ-पंधरा दिवसांनी कूलरचं वास मारणारं पाणी काढा लागते. नागपुरात हे कोणाले शिकवा लागत नाही: नळीचं एक टोक कूलरात टाकायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पाणी आलं का खाली नालीत सोडून द्यायचं. मग ते आपोआप येत राहते, कूलर रिकामा होईपर्यंत. मी नळी नालीत सोडली, तोंडातलं पाणी थुंकलं अन् तशीच उभी राहिली. पंप फक्त सुरुवात करून देते. कॅन टाकीच्या वर आहे, तं एकदा नळी भरली का पंप बंद झाला तरी पाणी थांबायचं नाही, कॅन रिकामी होईपर्यंत. हाच प्रयोग मी तीस वर्षं मुलींसाठी मांडला होता. अन् खाणीतल्या माणसाले, जो घरी दर उन्हाळ्यात तीच नळी तोंडात धरते, त्याले हे दिसलं नाही. मलेही दिसलं नव्हतं, पण मी कोणाच्या माथ्यावर खापर फोडलं नव्हतं.

कॅन खाली, टाकीच्या पातळीखाली ठेवली असती तं संपलं होतं. पाच मिनिटांचं काम. मी केलं नाही. आठ दिवसांनी आमच्याकडं आमरसाचं जेवण होतं, सगळं घराणं येणार होतं. तवरक मी कॅनमध्ये रोज दोनच लोटे पाणी ठेवलं, तेही शिळं. टाकी रेषेवर राहिली. हे खुश झाले, भावाले फोन करून सांगितलं का दादा, पंप एकदम फस्क्लास. मी आतून ऐकून राहिली होती. फुगू दे, म्हटलं. जेवढा फुगन तेवढा आवाज मोठा येईन.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी टाकीतलं पाणी चार बोटं कमी केलं अन् कॅन रिकामी केली. पंपाची वायर बोर्डातून काढून ठेवली. तो बोर्ड पाणी पोचणार नाही असा वर खिळ्याले टांगला. माणसाची फजिती पाहायची होती, जीव घ्यायचा नव्हता. अन् नराले जाळीनं अलगद काढून बादलीत ठेवलं, टाकीच्याच पाण्यात. वीस लिटर नळाचं पाणी त्याच्या अंगावर जाऊ देणार नव्हती मी. पोरं हात घालतीन म्हणून बादली मागच्या आंगणात, भिंतीच्या सावलीत ठेवली, वर चाळणी झाकली.

लोक आले. भासरे पांढऱ्या पायजाम्यात, टाकीजवळच्या खुर्चीवर. मासा कुठं आहे, कोणीतरी विचारलं. पाणी बदलायचं म्हणून काढला, असं यायनं सांगितलं, कारण मी यायले तसंच सांगितलं होतं. मग मी यायच्या कानात म्हटलं का दादाले म्हणा, सगळ्यायले पंप दाखवा, तुमच्याच हातानं कॅन भरा, मी हात लावत नाही. भासरे उठलेच. स्टुलावर चढून स्वतः दोन बादल्या ओतल्या, कॅन तोंडोतोंड. वायर लावली अन् स्विच, रेषा, सगळं समजावून सांगायले लागले. पंप सुरू झाला. पाणी रेषेवर आलं. पंप बंद झाला. त्यायनं सगळ्यायकडं पाहिलं.

पाणी येतच राहिलं. त्यायनं स्विच हलवला, मग बटण बंद केलं, मग वायरच उपटून काढली. वायर हातात घेऊन उभे राहिले अन् पाणी काठावरून त्यायच्या पायावर. पांढरा पायजामा गुडघ्यापर्यंत. माझी जाऊ, त्यायचीच बायको, तोंडाले पदर लावून हसून राहिली होती. तिच्या घरचेही मिक्सर, पंखे त्यायनंच दुरुस्त केले आहेत.

मी सैपाकघराच्या दारातून पुढं आली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यायच्याशी सरळ बोलली.

"दादा, आज हात कोणी लावला?"

आमचे हे भिंतीकडं पाहून राहिले होते. भासऱ्यायनं खाली मान घातली, आलमारीवरून कॅन उचलून जमिनीवर ठेवली अन् पाणी थांबलं. म्हणजे त्यायलेही समजलं होतं, त्याच क्षणी. मी फडकं घेतलं अन् फरशी पुसली. एवढ्या आनंदानं मी कधी फरशी पुसली नाही.

मग पंगत बसली. मी वाढायले उभी राहिली. भासऱ्यायच्या वाटीत रस दुसऱ्यांदा वाढला, तिसऱ्यांदा आग्रह केला, कुरडई वाढली. ते नाही म्हणत नव्हते, वर पाहत नव्हते. मी प्रत्येक घासाले त्यायचं तोंड पाहिलं. बायांच्या पंगतीत मी स्वतः दोन वाट्या रस प्यायली अन् जावेले शिलाई मशीनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. दोन वाजले, अडीच वाजले. मी सांगून राहिली होती.

बेसिनवर गर्दी होती म्हणून भासरे हात धुवायले मागच्या नळावर गेले. परत आले तं हातात बादली. चाळणी काखेत. त्यायनं बादली माझ्यासमोर ठेवली.

"सूनबाई, मासा गेला."

मी हात घातला. पाणी आंघोळीचं असते तेवढं गरम होतं. त्या भिंतीची सावली बारा वाजता सरते, हे मले कोणी सांगायची गरज नाही. मी दर उन्हाळ्यात तिथंच कुरडया वाळू घालते. त्या दिवशी पानात वाढल्या त्याही तिथंच वाळवल्या होत्या.

हात कोणी लावला, एवढंच त्यायनं विचारायचं होतं. त्यायचा हक्क होता, अन् चार माणसं अजून बसलेली होती. मी वाट पाहिली. त्यायनं विचारलं असतं तं मी भांडली असती, मशीन काढली असती, मादी काढली असती, सगळं काढलं असतं. त्यायनं काखेतली चाळणी बादलीवर ठेवली. ओल्या पायजाम्यानं चपला घातल्या अन् जावेले घेऊन निघून गेले. त्याचा राग मले अजून येते. माझ्यावर फेकायले त्यायच्या हातात दगड होता अन् तो त्यायनं माझ्याच हातात ठेवून दिला.

पुढच्या रविवारी ते आले. कॅन टाकीच्या खाली स्टँडवर बसवली, नळीचं टोक पाण्याच्या वर बांधलं, पाच वेळा तोंडोतोंड भरून तपासली. माझ्याकडं पाहिलं नाही. आता यायच्या मार्फत अधूनमधून विचारतात का पंप कसा आहे. मी यायच्या मार्फत सांगते का चांगला आहे.

हे म्हणतात, नवी जोडी आणू. मी म्हणते, पाहू. टाकी रिकामीच आहे, पण मी पंप बंद केला नाही. दिवसातून दोनदा सुरू होते, पाणी बरोबर रेषेवर येते अन् बंद होते.