भाच्याच्या जागी कंपाउंडर

ती गुप्तहेराची कादंबरी आमच्या घरी इतक्यांदा वाचली गेली होती की पानं शिवणीतून सुटली होती. गिरणीचा भोंगा झाला की हे दवाखान्यातून येत आणि कंदिलापाशी बसून मला वाचून दाखवत. श्रीमंत म्हातारा विषानं मरतो, संशय औषध देणाऱ्या कंपाउंडरवर येतो, आणि शेवटी खुनी निघतो म्हाताऱ्याचा लाडका भाचा. हे स्वतः कंपाउंडर. त्या गरीब, भित्र्या, निर्दोष माणसावर ह्यांचा भारी जीव. "आमच्या धंद्यातला एक तरी छापून आला," म्हणत.

त्या कादंबरीचा शिनेमा सोलापुरात लागला, तेव्हा चित्रं अजून बोलत नव्हती. पडद्याशेजारी एक जण उभा राहून पाट्या वाचून सांगे. नुसतं वाचून त्याचं पोट भरत नसे. पडद्यावरचं गाव कुठलंही असो, तो ते उचलून सोलापुरात आणून ठेवी. आमचं तळं, आमच्या पेठा, आमचीच माणसं. लोकांना तेच आवडे. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू?

शिनेमावाल्यांनी मात्र शेवट फिरवला होता. त्या काळी औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत. पडद्यावरचा कंपाउंडर ती पट्टी मुद्दाम चुकीची कापताना दिसला, म्हणजे म्हाताऱ्याला डोस जादा जावा. सांगणारा ओरडला, "ह्योच त्यो खुनी! आपल्या पेठेत न्हाय का एक, खाली मान घालून पट्ट्या कापतोय?"

थेटर हसलं. बायकांच्या बाजूनं मी पाहिलं, तर हे ताडकन उठून उभे.

"साफ खोटं! पुस्तकात भाचा खुनी आहे! कंपाउंडर निर्दोष आहे!"

एका पुस्तकाच्या कैवारापायी शहाणा माणूस भर थेटरात असा उभा राहतो का? मागून कुणीतरी म्हणालं, "चोराच्या मनात चांदणं!" आणि हसणं एकदम थांबलं. ते थांबलं, तेच मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नळावर शिनेमाचीच चर्चा. कुणाला भाचा देखणा वाटला, कुणाला म्हातारा मेला तेच बरं वाटलं. शेवट मात्र सगळ्यांना पटला होता.

"पुस्तकापरीस शिनेमा खरा वाटतोय," शेजारीण म्हणाली. पुस्तक तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. "औषिद कोण देतंय? कंपाउंडर! मग इख दुसरं कोण घालंल?"

मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती म्हणाली, "मी तुमच्या मालकाला कुटं म्हणती, वैनी?" आणि घागर उचलून गेली.

दवाखान्यात बाया बाटली उजेडात धरून पट्टीच्या खुणा बोटानं मोजू लागल्या. एका विणकरणीचा नातू ह्यांनी रात्रंदिवस बसून तापातून वाचवला होता. एका सकाळी तिनंच बाटली परत पुढे ठेवली. "मालक, आदी तुमी एक घोट घ्या की."

हे हसले आणि प्याले. तिथंच चुकलं. एकीसाठी प्याल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? मग सगळ्यांनाच ते हवं झालं. डॉक्टर म्हणाले, "घ्या हो, रोगी तुटण्यापेक्षा बरं." ते स्वतः कधी प्याले नाहीत.

दिवसभर कुणाच्या हिवतापाचं क्विनाइन, कुणाच्या खोकल्याचं अफूचं औषध ह्यांच्या पोटात जाऊ लागलं. संध्याकाळी कानात भुणभुण होई, भाकरी कडू लागे, हात कापत. कापऱ्या हातानं पट्टीच्या खुणा वाकड्या येत, आणि वाकड्या खुणा पाहून लोक आणखी बारकाईनं बघत. शिनेमा केव्हाच दुसऱ्या गावी गेला होता. मी रडून सांगितलं, नोकरी सोडा. हे म्हणाले, "सोडली तर म्हणतील, पळाला." कादंबरीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

पुढे मला ताप भरला. हे भरदुपारी घरी आले, माझा डोस पेल्यात ओतला. मी हात पुढे केला. त्यांनी पेला आधी स्वतःच्या तोंडाला लावला, माझ्याकडे बघत एक घोट गिळला, आणि मग माझ्यापुढे धरला.

"अहो, मी आहे," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "बघितलंस ना? आता पी."