गावाच्या नावातला ख

माणसांना झोपवणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. मी भूलतज्ज्ञ होते. रिटायर झाल्यावर शिकागोबाहेर शॉमबर्गजवळच्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी सकाळी अर्धा तास मराठी कार्यक्रम करायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, म्हणजे काम तेच, फक्त सुई नाही. त्याच्याकडे मी लक्ष देत नाही.

माझ्या आधीचा तास एका आयरिश गृहस्थांचा होता. वय ऐंशीच्या पुढे. एकोणिसाव्या वर्षी शिकागोला आले, आधी बांधकामावर विटा वाहिल्या, मग बस चालवली. बसमध्ये स्टॉपची नावं अशी काही पुकारायचे म्हणे, की एका पॅसेंजरने त्यांना धरून रेडिओवर नेऊन बसवलं. तिथून ते उठलेच नाहीत. अकॉर्डियनची गाणी, तिकडच्या मॅचचे निकाल, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मुलगी झाली. शिकागोतल्या आयरिश घरांत त्यांचा आवाज लागल्याशिवाय रविवारचा चहा होत नसे. लोक त्यांना घरी भाजलेला ब्रेड आणून देत. मला चार वर्षांत एकीने चकल्या आणून दिल्या, त्याही मऊ.

पहिल्या दिवशी मी काचेबाहेर बसून त्यांचं ऐकत होते. हसऱ्या, प्रेमळ आवाजात ते नावं वाचत होते. नाव, मग गाव, मग शिकागोतला भाग. जरा थांबायचं, की पुढचं नाव. ते बाहेर आल्यावर मी कौतुकाने म्हटलं, किती वाढदिवस हो तुमच्या लोकांचे एका आठवड्यात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ते सगळे वारलेत."

त्यांच्या देशात गावोगावचे रेडिओ रोज गेलेल्यांची नावं वाचतात आणि लोक हातातलं काम ठेवून ती ऐकतात, हे मला तेव्हा कळलं. मग आवाज असा लग्नघरातला का, तर रडक्या आवाजात वाचलं की नाव नीट ऐकू येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमची दोस्ती जमली ती थ मुळे. माझ्या 'थर्टी-थ्री'ला ऑपरेशन थिएटरमध्ये लोक वर्षानुवर्षं हसले. जीभ दातांत धरून फुंकर मारायची ते मला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नव्हतं. या माणसाचा थ सरळ आपल्या थालीपिठातला. त्यांनी माझं 'थर्टी-थ्री' ऐकलं, टेबलावर हात आपटला आणि जाहीर केलं, की या बिल्डिंगमध्ये इंग्लिश येणारे आपण दोघंच. त्या दिवशी मी घरी गाडी चालवत आले की तरंगत आले, आठवत नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ज्या घशावर सगळं आयुष्य चाललं, नेमकी तिथेच. रिपोर्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी वाचला आणि घडी घालून परत दिला. मग ते म्हणाले, माझं नाव तुम्ही वाचायचं.

मला रागच आला. तुमची मुलगी वकील आहे, म्हटलं, कोर्टात दिवसभर बोलते, तिला सांगा ना. तेव्हा कळलं की मुलगी त्यांच्या गावाच्या नावात क म्हणते. त्या नावात मधोमध एक ख आहे, गझल गाणारे घशातून काढतात तसला. अमेरिकन तोंडात त्याचा क होतो. आणि त्या गावात त्यांची एक्क्याण्णव वर्षांची बहीण आहे. शेजारीण तिला दर रविवारी कॉम्प्युटरवर हा कार्यक्रम लावून देते.

"नाव चुकलं तर चालेल," ते म्हणाले. "गाव चुकलं, तर तिला वाटेल कुणी दुसराच गेला."

मग काय, बसले ख घोटत. गाडीत, डिशवॉशर भरताना, ट्रेडमिलवर. नवऱ्याला वाटलं खोकला झालाय, त्याने हळदीचं दूध आणून ठेवलं. मी तेही प्यायले. ते गृहस्थ मात्र दर आठवड्याला माझी परीक्षा घेत आणि नापास करत. त्यांचा आवाज बसत चालला होता, पण मान हलवायला आवाज लागत नाही.

या सगळ्यात मला माझ्या मुलाची आठवण यायची. माझ्या गावाच्या नावात शेवटी ळ आहे. मुलगा ल म्हणतो. हटकलं की म्हणतो, "क्लोज इनफ, आई." वाईट वाटतं. पण शिकवायच्या वयात मी त्याला शिकवलं नाही, ड्यूटीवर होते, तेव्हा राग काढणार कुणावर?

मार्चमध्ये ते गेले. रविवारी त्यांच्या मुलीने त्यांचा तास चालवला आणि नावांची वेळ आली तशी खुर्ची मला दिली. आवाज हसरा ठेवायचा, हे ठरवून बसले होते. त्यांचं नाव वाचलं. गावाशी आले आणि घसा दाटून आला. ख ला तो उपयोगीच पडला.

माझा कार्यक्रम सुरू होऊन पहिलं गाणं लागलं, तेवढ्यात स्टुडिओतला फोन वाजला. त्यांची बहीण होती. मी बरोबर वाचलं की चूक, तो विषय तिने काढलाच नाही. म्हणाली, "तू कुठली गं?"

मी म्हटलं, इंडिया.

"ते कळलं. गाव कुठलं?"

चाळीस वर्षं झाली या देशात. इंडिया म्हटलं की लोकांचं समाधान होतं. फार झालं तर मुंबईपासून किती लांब, एवढं विचारतात. मी गावाचं नाव सांगितलं. तिने म्हणून पाहिलं, ल आला. पुन्हा सांग म्हणाली. मी सांगितलं. पुन्हा चुकली, स्वतःवरच चिडली, शेजारणीला गप्प बसवलं. काचेपलीकडून ऑपरेटर खुणा करायला लागला, गाणं संपत आलं होतं.

तिसऱ्या खेपेला ळ आला. गाणं संपलं, रेडिओवर नुसती शांतता चालली होती.

"आणखी एकदा म्हणा," मी म्हटलं.