साडूंची हनुवटी

स्वतःच्या जबड्याविषयी आमच्या थोरल्या साडूंइतकं बोललेला माणूस सबंध मराठवाड्यात सापडणार नाही. त्यातलं बरंचसं तर त्यांनी जबडा रबरांनी आवळलेला असताना, दातांच्या फटीतून बोलून घेतलेलं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. चाकूरला त्यांचं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. खालचा जबडा लहानपणापासून वरच्याच्या बराच पुढे, त्यामुळे "बसा, चहा घ्या" एवढं म्हटलं तरी समोरच्याला आपलं काही चुकलंय असं वाटे. पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मक्याचं कणीस ते बोटांनी दाणा दाणा सोलून खात आणि आम्ही ते थेट दातांनी ओरबाडू लागलो की तोंड फिरवून बसत. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी एक दिवस जाहीर केलं की, लातूरला जाऊन जबडा मागे घेणार. गावानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "या वयात नवरदेव व्हायचं हाय काय?" साडू शांतपणे म्हणाले, "न्हाई. कणीस खायचं हाय."

ऑपरेशनचे धोके डॉक्टर सांगतात तेव्हा माणूस घाबरतो किंवा विसरतो. साडूंनी ते पाठ केले. दुकानात येणाऱ्या कुणाचीही ते ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. "पाइप दोन्हीकून कापायचा, मागं सरकवायचा, पट्टी लावून स्क्रू मारायचे. काम सोप्पं हाय. पर बोअरच्या पाइपासंगं केबल असती का न्हाई, तशी आतून नस जाती. ती ताणली की खालचा ओठ न् हनुवटी मुकी. आली तर काही महिन्यांनी जाण येती, न्हाई तर न्हाई. अन् जबडा परत म्होरं सरकू शकतो, ते येगळंच." गिऱ्हाईक कपलिंग विसरून स्वतःची हनुवटी चाचपत घरी जाई.

ऑपरेशन झालं आणि अक्कांच्या मिक्सरला दिवसरात्र काम लागलं. वरण, भाकरी, वांग्याची भाजी, एवढंच काय, भाच्याच्या साखरपुड्यातली बुंदीसुद्धा त्या भांड्यातून पातळ होऊन बाहेर आली. रबरं सुटली तेव्हा साडूंचा चेहरा इतका सौम्य झाला होता की गिऱ्हाइकं प्रथमच भावात घासाघीस करू लागली. एक्स-रे मात्र पिशवीतून त्यांच्यासोबत सगळीकडे हिंडे. लग्नघरी पोचले की आधी खिडकी शोधायची, उजेडावर तो धरायचा आणि आतले स्क्रू दाखवायचे, मग नवरानवरीची चौकशी. जबड्याचा सांधा चावताना कटकट वाजतो, तेही त्यांनी मला कान लावून ऐकायला लावलं आहे.

पण सांगितलेल्या धोक्यांपैकी एक खरा ठरला. हनुवटी मुकी झाली. चहा ओठावरून ओघळून सदऱ्यावर पोचला तरच यांना खबर. आणि इथून अक्कांची गोष्ट सुरू होते. लग्नापासून त्यांचा शिरस्ता असा की, नवऱ्याचं ताट वाढायचं आणि सैपाकघरात परत जायचं. त्या कधी समोर बसल्या नाहीत, साडूंनी कधी बसा म्हटलं नाही. आता बसणं भागच पडलं. समोर बसून त्या बघत राहत, शीत चिकटलं की स्वतःच्या हनुवटीला बोट लावत, आणि साडू लगेच पुसत. बघता बघता त्या खुणेबरोबर दोन शब्दही येऊ लागले. साडूंनी आयुष्यातलं पहिलं कणीस दातांनी खाल्लं तेव्हा कानापर्यंत दाणे लागले होते, आणि अक्का पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की माझी बायको ते अजून सांगते.

पुढे तपासणीला मी नांदेडहून लातूरला गेलो, त्यांच्या सोबतीला. डॉक्टरांनी साडूंना डोळे मिटायला आणि स्पर्श कळला की सांगायला सांगितलं, आणि कापसाचं टोक हनुवटीला हलकेच लावलं.

"न्हाई," साडू म्हणाले.

डॉक्टर थांबले. साडूही गप्प. पुन्हा कापूस लागला.

"न्हाई."

ओठाला लावला, "न्हाई." कापूस दूर असला की साडू गप्प, लागला रे लागला की "न्हाई". डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि म्हणाले, "छान. प्रगती चांगली आहे."

स्टँडवर चहा घेताना मी त्यांना धरलं. "कळतंय की तुम्हाला. कामून खोटं बोलता?"

साडूंनी कपात बघितलं. ज्या माणसाला जबड्यावर तासन् तास बोलता येतं, त्याला एक वाक्य जुळवायला बराच वेळ लागला. "साडूभाऊ, बरं झालं म्हणलं की ती उठंल न् सैपाकघरात जाईल. मला तिला 'बस' म्हणायला येत न्हाई. कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. बायकोलाही नाही, आणि आमच्या घरात हे सोपं नसतं.

परवा हदगावला एका लग्नात मी साडूंच्या शेजारी पंगतीत बसलो होतो. समोरच्या बाजूला अक्का बायकांबरोबर उभ्या होत्या, गप्पा चालल्या होत्या, पण लक्ष इकडेच. साडूंनी कढी भुरकली आणि मी नकळत त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं. ती अगदी स्वच्छ होती. तरी अक्कांनी गप्पांतून मान वळवली आणि सावकाश स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. साडूंनी लगबगीनं रुमाल काढला आणि काहीच नसलेली हनुवटी नीट, दोन्हीकडून पुसली. अक्का समाधानानं हसल्या. त्यांना ते केव्हापासून ठाऊक आहे, हे मी अजून विचारलेलं नाही. मी मात्र उगाच वाढप्याला पाणी मागितलं.